लग्नाचं साल अन् मिस टीनाचं घड्याळ

…अन् तुमी मला विचारता, मेल वाचून माणूस फसतो कसा? अहो वाचून कुठं फसतो, पुरता न वाचताच फसतो की. तुम्हाला सांगतो, आमच्या सिरसाळ्याचे सुंदरराव घ्या. चाळीस एकराचा धनी, सोसायटीचे दोन टर्म चेअरमन, तहसीलदारापुढं पायावर पाय टाकून बसणारा गडी. मंगळवारी सकाळी अकराला त्यांच्या मोबाइलवर एक मेल आला अन् बाराच्या आत या गड्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला. कशानं? घाई, तुम्हाला सांगतो, घाई.

आता सुंदररावांचा अन् मेलचा काय संबंध, तर सीताफळं. पोरगा सुरज पुण्यात नोकरीला, त्यानं बापाची सीताफळं बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकायची म्हणून पैसे देण्याघेण्याच्या एका ऑनलाइन कंपनीत खातं काढून दिलतं. कंपनीचं नाव मी घेत न्हाई, त्या बिचारीचा यात काय दोष न्हाई, तिच्या नावावर तिसऱ्यानंच धंदा मांडलता. ते खातं जोडलेलं बँकेला, बँकेत तीन लाख वीस हजार, अन् ते सगळे पोरीच्या, संस्कृतीच्या, कॉलेजच्या फीचे. सोमवारी भरायचे, न्हाई तर सीट गेली.

मेलवर कंपनीचं चित्र हुबेहूब. खाली लिहिलेलं, 'प्रिय ग्राहक, आपली खरेदी यशस्वी झाली आहे. महिलांचे सोनेरी घड्याळ, नग एक, किंमत अठ्ठेचाळीस हजार नऊशे. पाठवण्याचा पत्ता : मिस टीना, पुणे. ही खरेदी आपण केली नसल्यास एका तासाच्या आत खालील क्रमांकावर फोन करावा.'

आता दुसरा माणूस रक्कम वाचून घाबरला असता. सुंदरराव रकमेपर्यंत गेलेच न्हाईत, ते टीनावरच थांबले.

कावून? तर दोन हात अंतरावर त्यांची बायको, छबुबाई, भाकरी थापायलत्या, अन् मागच्या महिन्यात सुंदरराव दोनदा पुण्याला गेलते. सोसायटीच्या कामाला बरं का, मी तसंच धरून चालतो. पण मेल बाईच्या नजरेस पडला तर ती काय धरून चालंल? छबुबाईनं नुसतं विचारलं, "कुणाचं काय आलं?" झालं, मोबाइल खिशात, "गाडीचं काम हाय नबीकडं," म्हणत गडी बाहेर.

काम खरंच होतं. नबीभाईच्या गॅरेजात सुंदररावांची जीप सकाळपासून जॅकवर चढवलेली, पुढची दोन्ही चाकं काढलेली, नबी खाली उताणा पडून पाना फिरवायलेला. सुंदररावांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. गॅरेजात काचा बंद करून बोलायची जागा एकच, ती जीप. चढले. नबी खालून म्हणाला, "मालक, उतरा, गाडी जॅकवर हाय." तर म्हणाले, "तू तुझं बघ बे." अन् लावला फोन.

पलीकडचा आवाज असा गोड... "नमस्कार सर, घबराइए मत, मैं हूँ ना. ऑर्डर अभी कैंसल हो जाएगा. बस जल्दी कीजिए, अठारह मिनट बचे हैं." अठरा मिनिटं. सुंदररावांनी आयुष्यात एसटीसाठी घाई केली न्हाई, ते आता घड्याळाकडं बघायले. त्यो म्हणाला, एक ॲप उतरवून घ्या, मदतीचं. घेतलं. नऊ आकडी नंबर दिसतोय तो सांगा. सांगितला. अन् तुम्हाला सांगतो, तो नंबर सांगितला त्या घडीपासून सुंदररावांचा मोबाइल, त्यातले फोटो, मेसेज, बँक, सगळं त्या माणसाला तिकडं बसल्या जागी दिसायलं. यांना काय ठाऊक. यांना वाटलं, ऑफिस लई पुढारलेलं हाय.

"सर, अब बैंक का ॲप खोलिए, पैसा वापस डालना है. पिन डालिए."

चार आकडी पिन. सुरजनं ठेवून दिलती, वडलांच्या ध्यानात राहावी म्हणून मुद्दाम सोपी, आई-वडलांच्या लग्नाचं साल. आता पोराला काय माहीत बाप कसा हाय. सुंदररावांनी दाबलं एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. चूक. फोनवाल्याचा आवाज जरा कडक झाला. "सर, ध्यान से. बारह मिनट." सुंदररावांनी दाबलं सत्त्याण्णव. चूक. आता राहिली एकच खेप, तीही चुकली तर खातं दिवसभर बंद, अन् पिन म्हणजे लग्नाचं साल हे सुंदररावांनी नादात सांगूनही टाकलतं, त्यामुळं फोनवाला वर-खाली व्हायला, "सर, याद कीजिए, अपनी शादी का साल कोई भूलता है क्या?" घाई, तुम्हाला सांगतो, घाई. माणूस घाईत काय करंल सांगता येत न्हाई. सुंदररावांनी काच खाली केली अन् जॅकखालच्या माणसाला विचारलं,

"नबी, माझं लग्न कोणत्या साली झालं बे?"

पान्याचा आवाज थांबला. नबीभाई पन्नाशीचा माणूस, सुंदररावांच्या वरातीची गाडी त्यानंच चालवलती. खालूनच म्हणाला, "का, मालक?"

"पिन हाय ती. लवकर सांग."

काचा बंद होत्या, पण फोन स्पीकरवर अन् नबीभाई बरोबर खालीच, त्यानं फोनवरचं सगळं ऐकलतं. टीना ऐकलती, नऊ आकडी नंबर ऐकलता. त्याला वाटलं, आता थांबवलं तर मालक थांबणार न्हाईत, उलट शिव्या देतील. म्हणाला, "सालाचं ध्यानात न्हाई मालक, दोन मिनिटं दाबू नका, विचारून सांगतो." अन् विचारलं कुणाला, तर आपल्या मोबाइलवरून थेट छबुबाईला. "भाभी, गॅरेजवर या. गाडीला काय न्हाई झालं, मालकाला झालंय. कुणाला तरी फोनवर तुमच्या लग्नाचं साल सांगायलेत."

इकडं फोनवाला मिनिटं मोजायला. सात. सहा. सुंदरराव बोट नव्याण्णववर नेतात, मागं घेतात, पुन्हा नेतात. खरं साल तेच होतं बरं का. दाबलं असतं तर पोरीची फी त्याच घडीला गेली असती. चार मिनिटं उरली अन् स्कूटी येऊन दारात थांबली. छबुबाईच्या हाताला पीठ तसंच. बाईनं जीपचं दार उघडलं, नवऱ्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला, मेल एकदा वरपासून खालपर्यंत वाचला, अन् फोन कानाला लावून म्हणाली, "हॅलो."

"हॅलो मॅडम, आप कौन?"

"मैं टीना," छबुबाई म्हणाल्या. "घड़ी अभी तक आई नहीं."

पलीकडून फोन कट.

त्यानंतर बाईनं जे केलं ते ऐका, उपयोगाला येईल. आधी मोबाइलचं नेट बंद, मग ते मदतीचं ॲप काढून टाकलं, मग पासबुकावरचा नंबर बघून बँकेला फोन, मेलमधला नंबर न्हाई बरं का. नबीच्या मोबाइलवरून पासवर्ड बदलला, कंपनीच्या खऱ्या ॲपात जाऊन बघितलं, तर ना घड्याळ, ना टीना. नवऱ्याला म्हणाली, "हे बघा, पाठवणाराचा पत्ता बघा, कंपनीच्या नावात एक अक्षर जास्तीचं हाय. अन् आपल्या खऱ्या कंपनीच्या मेलात सुंदरराव नाव असतंय, इथं नुसता प्रिय ग्राहक. प्रिय कुणाचे, ते इचारत न्हाई मी." हे सगळं ती बचत गटाच्या प्रशिक्षणात शिकलती, बीडला, दोन दिवस. तेव्हा सुंदरराव म्हणलते, बायांना कशाला ते.

शेवटी म्हणाली, "आता तक्रार. एकोणीसशे तीस."

सुंदरराव म्हणाले, "तीस न्हाई गं, मला वाटतं अठ्ठ्याण्णवच."

ती सायबरवाल्यांची मदतीची लाइन होती.

पैसे वाचले. सोमवारी फी भरली, पोरगी कॉलेजात गेली. सुंदरराव गावात सांगायचे, मी पिन चुकवली म्हणून वाचलो, नाटकच करायलतो मी. घरीही तेच सांगितलं. छबुबाईनं ऐकून घेतलं, भाकरी वाढली, समोर बसली अन् सावकाश विचारलं, "मेल खोटा निघाला. घड्याळ खोटं, टीना खोटी. समदं मान्य. मग खोट्या बाईपायी तुमी माझ्यापासून लपून जॅकवरच्या गाडीत जाऊन कावून बसलते?"

परवा सुंदरराव मला पारावर भेटले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "याच्यासाठी काय मदतीचा नंबर हाय का रे?"

म्हणलं, न्हाई मालक. ही तक्रार घरातच मिटवावी लागती.