थोडं गळू द्या

एलिया: कधीपासून पाणी पितेय गाडी?

सहादेव: संक्रांतीपासून. आधी आठवड्याला एक बाटली, मग रोजची एक. आता दर पंधरा किलोमीटरला क्यान लागतोय. जामखेडपासून कोल्हारपत्तोर आज आठ ठिकानी थांबलो.

एलिया: आणि तीन महिन्यांनी मिस्त्री आठवला.

सहादेव: आज शनवार. उद्या तू चर्चला जानार, गॅरेज बंद. आनि हा कडबा आजच बाभळेश्वरच्या गोठ्यावर उतरवायचा हाय. म्हनलं धरावं तुला.

एलिया: ट्रकवर कडबा भरलाय का घर बांधलंय? दोन्ही आरसे झाकून गेलेत.

सहादेव: कडबा म्हनल्यावर बाहेर येनारच की.

एलिया: वहिनी, खाली उतरा. केबिन तापली असेल. इकडं सावलीला बसा. आज तुम्ही कशा काय?

राहीबाई: आजच न्हाई, भाऊ, समद्याच फेरीला असते. पानी आनायला कोन?

सहादेव: माझं गुडघं गेलं. हीच क्यान घिऊन पळती.

एलिया: आणि चपला दोन तऱ्हेच्या का?

राहीबाई: एक वाटंत पडली, गावली न्हाई. ही जुन्या जोडातली.

सहादेव: खिडकीतून पडली म्हनं. चप्पल खिडकीतून कशी पडती, मला अजून समजलं न्हाई. तू बघ बाबा गाडीकडं.

एलिया: ऑइलची पट्टी काढतो आधी. हं. ऑइल काळं आहे, ताकासारखं पांढरं झालेलं नाही. म्हणजे पाणी इंजिनात जात नाही. इंजिनाचं हेड वाचलं तुझं.

सहादेव: मग जातंय कुठं? मला कुठंच वल दिसत न्हाई.

एलिया: थांब. हे रेडिएटरचं जुनं झाकण बघ, त्याला मी सायकलचा वॉल्व्ह डकवलाय. हे लावायचं आणि पंपानं हवा मारायची. आत दाब झाला की पाणी आपणहून वाट दाखवतं. मार तू हवा. बास, बास. होस पाईप कोरडे आहेत. क्लिपा घट्ट आहेत. रेडिएटर खालून कोरडा. वॉटर पंप... हे काय आहे इथं? पंपाखाली पांढरं?

राहीबाई: साबन हाय.

एलिया: साबण?

राहीबाई: कपड्याचा. एका ढाब्यावरच्या क्लिनरनं सांगितलं, मावशी, भोकात दाबून बसवा, गळायचं थांबतंय. आनि रेडिएटरमंदी हळद टाकली, दोन मुठी.

एलिया: वहिनी, अजून मोहरी टाकली असती तर फोडणी झाली असती.

सहादेव: हसू नको. चार दिस थांबलं हुतं की गळायचं.

एलिया: थांबलं नव्हतं. हे भोक कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की इथून थेंब पडतो, आपल्याला कळावं म्हणून. ते बुजवलं की थेंब दिसत नाही एवढंच. पाणी मग बेरिंगकडं जातं. एक दिवस चालत्या गाडीत पंप जाम होतो, पट्टा तुटतो. हे बघ, साबण खरवडला. आलं का पाणी? सहादू, कसलं दिसतंय हे?

सहादेव: हिरवं. दिवाळीला तूच हिरवं औषध भरलं हुतंस.

एलिया: हिरवं?

राहीबाई: हळदीनं पिवळं झालंय ते, अवो. यांनी नीट बघितलंच न्हाई, उन्हाचं.

एलिया: आपण तर सावलीत आहोत, वहिनी.

सहादेव: हिरवं का पिवळं, बंद झाल्याशी मतलब. व्हईल का आज?

एलिया: मागं मोडीतली गाडी उभी आहे, तिचा पंप चांगला आहे. त्यात नवं सील टाकतो. इंजिन निवायला धरून तीन तास.

सहादेव: झ्याक. मी गोठेवाल्याला फोन करतो नि च्या सांगतो. इथं रेंज न्हाई तुझ्याकडं. राही, तू बस.

एलिया: सांभाळून. डाव्या हाताला जॅक पडलाय. सहादू, डाव्या हाताला.

सहादेव: दिसला, दिसला. काय लागलं न्हाई.

राहीबाई: ...गेले का?

एलिया: गेला. बोला.

राहीबाई: भाऊ, एक मागू का? थोडं गळू द्या.

एलिया: काय?

राहीबाई: समदं बंद करू नका. येवढं करा, की दोन गावांनी एकदा पानी घालाय लागंल.

एलिया: वहिनी, मी चाळीस वर्षं हे काम करतोय. लोक म्हणतात स्वस्तात करा, लवकर करा. गळकं ठेवा असं अजून कुणी म्हणालं नव्हतं.

राहीबाई: गळायचं थांबलं की हे म्हनतील, आता तुझं काय काम, घरी बस. मग एकटे जातील.

एलिया: पाण्याचा रंग त्याला दिसला नाही.

राहीबाई: ...न्हाई.

एलिया: जॅकही दिसला नाही. किती दिसतं त्याला?

राहीबाई: साखरेनं डोळ्याचा पडदा खराब झालाय. समोरचं धुरकट दिसतं, बाजूचं लई कमी. दवाखान्यातल्या डॉक्टरनं कागद दिला, गाडी चालवू नये म्हनून. मराठीत, ठळक अक्षरात लिहिला, यांना वाचता यावा म्हनून. तो यांनी सीटच्या रेग्झिनखाली दडपलाय. मी चौथी शिकलीय हे इसरलेत.

एलिया: आणि तुम्ही दोघं यावर बोलला नाहीत?

राहीबाई: कसं बोलायचं? मी गप्पा मारते. म्हनते, अवो, बघा किती म्हशी आल्यात आडव्या. हे म्हनतात, असू दे, आनि बिरेक मारतात. म्हनते, तो डंपरवाला कसला घुसतोय बाई. हे बाजूला घेतात. जामखेडपासून इथंवर माझं तोंड बंद न्हाई. घसा सुकून जातो. डुलकी लागंल म्हनून च्या पिते, च्या पिला की लघवीला थांबाय लागतं, तवा हे चिडतात.

एलिया: चप्पल कुठं पडली?

राहीबाई: कडा गावाला. एक पोरगी सायकलवर हुती, डाव्या अंगाला, अगदी चाकापाशी. मी बोलायला गेले तर आवाजच फुटंना. चप्पल काढली नि खिडकीतून टाकली, नि मग वरडले, माझी चप्पल गेली म्हनून. यांनी शिव्या देत गाडी थांबवली. पोरगी निघून गेली. तिला कळलंसुदिक न्हाई.

एलिया: घरी कुणाला माहीत आहे?

राहीबाई: कुनाला न्हाई. सून म्हनती, आत्याबाईला म्हातारपनी हिंडायचा नाद लागला. म्हनू दे. तिला सांगितलं तर पोरगा गाडी इकंल. अठ्ठावीस वर्सं त्या सीटवर बसलेला मानूस हाय, भाऊ. घरी त्यांना भांडं कुठं ठेवलंय ते ठाव न्हाई. आनि न्हाई सांगितलं तर रोज मी त्या केबिनमंदी. रातीला डोळं मिटलं तरी रस्ता पळतोय.

एलिया: आणि मी गळती ठेवली, की अजून किती दिवस?

राहीबाई: मला काय ठाव. आजचा दिस.

एलिया: उद्या तुमचा घसा बसला तर? मी गळकं काम करत नाही, वहिनी. आला तो. चहा प्या.

सहादेव: गोठेवाला बोंबलतोय. म्हनला, दिस मावळायच्या आत आन. काय रे, गप का दोघं?

एलिया: साबण कुठल्या कंपनीचा होता ते विचारत होतो. चल, पान्हा धर.

सहादेव: दे.

(तीन तासांनंतर. दुसरा पंप बसला आहे, इंजिन चालू आहे, सहादेव ड्रायव्हरच्या सीटवर.)

सहादेव: आवाज बघ कसा आलाय. थेंब न्हाई?

एलिया: एक नाही. दहा मिनिटं तापू दे.

सहादेव: राही, तुझी सुटका झाली बघ. बाभळेश्वरापत्तोर चल, तिथनं यष्टीत बसवून देतो. उद्यापासनं घरी झोप. तीन महिनं लई पळालीस.

राहीबाई: मी येते की. मला कटाळा न्हाई.

सहादेव: कशाला? पानी तर टिकलं.

एलिया: सहादू, मी इकडं बोनेटमध्ये आहे. तापमानाचा काटा कुठं आहे ते सांग.

राहीबाई: अवो, तो...

एलिया: वहिनी, तुम्ही नका बोलू.

सहादेव: काटा ना? मधी हाय. अगदी मधोमध.

एलिया: नीट बघ.

सहादेव: बघितलं. मधोमध.

एलिया: काट्याची वायर काढून मी हातात धरलीय, सहादू. काटा तळाला पडलाय. इंजिन बंद कर.

सहादेव: केलं. मला सरळ इचारायचं हुतंस.

एलिया: दुपारी विचारलं. पाण्याचा रंग विचारला.

सहादेव: हिनं सांगितलं तुला.

एलिया: तू सांगितलंस. वहिनींनी नंतर.

सहादेव: राही, कड्याला चप्पल पडली न्हवती. तू टाकलीस.

राहीबाई: टाकली.

सहादेव: काय हुतं तिथं?

राहीबाई: पोरगी हुती. सायकलवर.

सहादेव: केवढी?

राहीबाई: आठवी-नववीची असंल. लागली न्हाई तिला.

सहादेव: मला कायच दिसलं न्हाई तिथं. रस्ता मोकळा हुता.

एलिया: उतर, सहादू. बाभळेश्वरपर्यंत मी नेतो. कडबा उतरवू आणि गाडी परत इथं आणून लावू. जामखेडला पोराला फोन करू. सोमवारी तुला डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन जातो.

सहादेव: त्यांनी सांगितलं ते सांगितलं. अजून काय सांगनार?

एलिया: ते त्यांना विचारू.

सहादेव: आनि मी काय करू? घरी बसून भित्ती बघू? त्याबी दिसत न्हाईत धड.

एलिया: ते मला माहीत नाही. किल्ली दे.

सहादेव: राही, ही किल्ली दे त्याला. मला या बाजूनं चढाय लाव. या दारानं मी कधी चढलो न्हाई. पायरी कुठं हाय?

राहीबाई: पाय वर. अजून. हां. आता धरा कडी. मी मधी बसते.

एलिया: निघालो. काटा मधे आहे. पाणी टिकलं.

सहादेव: मला कशाला सांगतो.

राहीबाई: फुडं ट्रॅक्टर हाय, उसाचा. दोन ट्रॉल्या. उजवीकडनं मोटरसायकल गेली. तिघं बसलेत.

सहादेव: राही, स्टेरिंग एलियाच्या हातात हाय. त्याला दिसतंय.

राहीबाई: सवय लागली. बरं, बसते गप.

सहादेव: डाव्या अंगाला घंटी वाजली. काय हाय?

राहीबाई: सायकल हाय. पोरगी हाय एक, लांब हाय आपल्यापासनं.

सहादेव: कशी दिसती?