तिथी कुठची धरू

(मुलुंड. कोर्टातली सरकारी वकिलांची खोली. विमलाच्या नावाचा पुकारा व्हायला अजून थोडा अवकाश आहे.)

विमला : ह्यांचे पाय गार होते, ता मी कोर्टात सांगतलंय. जबाबात लिवलाहा तसाच. पण आज बोटाचा पण सांगतलंय, मॅडम.

क्षमा : कुठल्या बोटाचं, मावशी? तुमच्या जबाबात बोट नाही.

विमला : पोलिसांनी पायच विचारल्यानी. बोट कोणी विचारूक नाय.

क्षमा : मग आता मी विचारते.

विमला : रविवारी माका आयसीयूत सोडल्यानी. मी ह्यांचो हात धरलंय, आणि ह्यांनी माझा बोट दाबल्यानी.

क्षमा : रविवारी.

विमला : एकादशी होती.

क्षमा : मावशी, ही केस कशाची आहे ते ठाऊक आहे ना तुम्हाला?

विमला : नाहूरच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगीक ठाऊक हा. ह्ये शुक्रवारी गेले. हॉस्पिटलवाल्यांनी सोमवारपर्यंत मशीन लावून ठेवल्यानी आणि सरकारच्या योजनेतून पैसे काढल्यानी.

क्षमा : सोमवारी सकाळी तर फिजिओथेरपी दिल्याचं बिल आहे. मी सगळ्या असल्याच केसेस चालवते. माझ्या फायलींमधले मेलेले लोक माझ्यापेक्षा जास्त व्यायाम करतात. पण रविवारी त्यांनी बोट दाबलं असं तुम्हीच सांगितलंत, तर समोरचा वकील म्हणणार, बघा, माणूस जिवंत होता. उपचार खरे, बिलंही खरी.

विमला : म्हणतलोच. काल राजेशाक कँटीनात चाय पाजल्यान त्येने.

क्षमा : आणि राजेशने त्याला बोटाचं सांगून टाकलं.

विमला : झील माझो. चायवांगडा वडो मिळालो की बापाशीचा बोट पण इकतलो. मग काय, सांगा नको म्हणतास?

क्षमा : तसं म्हणता येत नाही मला. जे घडलं ते सांगा. साक्षीदाराला पढवायला लागले तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

विमला : मग तोंड असा कित्याक केलास?

क्षमा : तोंड जन्मापासून असंच आहे. सासूबाई अजून तक्रार करतात.

विमला : मॅडम, ह्ये काय म्हणत होते म्हायत हा? माका गावाक ने. मरूचा तर आपल्या पडवीत मरूंदे. मी हट्ट केलंय. म्हटलंय, योजनेत सगळा फुकट होता, बरे होऊन जावया. माझ्यार रागवले. तोंड फिरवून बसले ते बसलेच. दुसऱ्या दिवशी मशीन लागला, मग बोलणाच खुंटला.

क्षमा : हं.

विमला : रविवारी मी कानाकडे वाकलंय. म्हटलंय, राग नसलो तर बोट दाबा. आणि दाबल्यानी. आता तुमी सांगतास ह्ये शुक्रवारीच गेले. मग माका माफ कोणी केला?

क्षमा : पाणी घ्या थोडं.

विमला : पाणी नको. अजून घरात फुस, फुस असो आवाज येता. सुनेन कुकर लावल्यान तरी माका वाटता ह्येच. मशीन छाती वर करी, खाली करी. खालची हवेची गादी पण तशीच, आपसून वर, आपसून खाली.

क्षमा : गादीसुद्धा हलायची? हाताखाली?

विमला : हलायची. कित्याक?

क्षमा : काही नाही. राहू दे.

विमला : तुमकाही आवाज येतत दिसता.

क्षमा : आवाज नाही. सुबोध, माझा नवरा, रविवारी दुपारी आडवा झाला की मी त्याच्या पोटाकडे बघत बसते. वरखाली होतंय ना म्हणून. तो म्हणतो, सुटलंय ते मला माहीत आहे, रोज नको मोजूस. तुमची फाईल वाचल्यापासून सुरू झालंय हे.

विमला : शुक्रवारी ह्यांच्या खाटीकडे होती ती नर्स पण साक्ष देतली ना? ती काय सांगतली?

क्षमा : ते तुम्हाला सांगता येत नाही. तिची साक्ष चालेल तेव्हा तुम्ही आत थांबलात तरी चालेल, तुमची झालेली असेल. पण त्याआधी नाही.

विमला : मी थांबूचंय नाय. माझा झाला की मी घराक जातलंय.

क्षमा : जा. रिक्षा करून द्यायला सांगते.

विमला : एक विचारू? कोर्टाचा नाय, घरचा. पुढच्या महिन्यात श्राद्ध येता. दाखल्यार सोमवार हा, म्हणून इतकी वर्षां द्वादशीक पान वाढलंय. दहाव्याक कावळो शिवूक नव्हतो. भटजीन दर्भाचो कावळो करून लावल्यान. तेव्हापासून मनात हा, ह्ये उपाशी फिरतत. भलत्याच दिवशी पान वाढला तर येतले कशे? तू सांग गो बाय. तिथी कुठची धरू?

क्षमा : नवमी धरा.

विमला : नवमी.

क्षमा : मावशी...

विमला : शुक्रवारची.

क्षमा : हे मी बोलायला नको होतं.

विमला : तू खंय काय बोललंस? मी तिथी विचारलंय, तू तिथी सांगितलंस. जेवणाच्या पानाचा कोण खोटा सांगता?

क्षमा : आत काय सांगायचं ते अजून तुमच्याच हातात आहे. खरंच सांगते. तुम्हाला जे वाटलं ते तसंच सांगा, पुढचं मी बघेन. आणि समोरचा बोटाचं विचारणारच.

विमला : विचारूंदे. ह्यांचो हात मी पण घट्ट धरून होतंय. ऐक, पुकारो झालो. माझाच नाव ना ता?

क्षमा : तुमचंच. हळू, उंबरा आहे.

विमला : आत गेल्यार माका विचार, रविवारी त्या खाटीकडे कोण कोण होता. मी सांगतलंय, मी एकटीच होतंय.