दगडूच्या हातचा प्याला

सलाम, मंडळी. जय भीम, नमस्कार. दगडूच्या शोकसभेला एवढी माणसं जमतील असं मला वाटलं नव्हतं. आणि मला बोलायला उभं करतील, असं तर अजिबातच वाटलं नव्हतं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "अक्का, तुम्हीच बोला." का, ते गावाला ठाऊक आहे. बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. या दगडूच्या हातभट्टीची दारू पिऊन माझा नवरा मेला.

एकटा माझाच नाही. त्या दिवशी इथं पहूरला, आमच्या वस्तीतून तिरड्याही निघाल्या आणि शवपेट्याही निघाल्या. दगडूनं दारूत काय मिसळलं होतं, ते कोर्टात बाहेर आलं. मी तिथं बसून ऐकलंय. आज सांगणार नाही.

दगडू मूळचा धुळ्याकडचा. शिक्षा भोगून सुटला, तर गावी न जाता परत इथंच आला. का आला, देव जाणे. एका रविवारी चर्चमध्ये आला आणि दारात, चपलांपाशी बसला. पाळकसाहेब म्हणाले, पुढं या. तर म्हणाला, "नही साहेब, मी अठेच बरा शे." मी मनात म्हटलं, बरोबर आहे. तिथंच बस. पुढं त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवशी मी गेले नाही.

जे आमच्या धर्माचे नाहीत, त्यांना सांगते. आमच्यात प्रभुभोजन असतं. प्याला एकच. सगळ्यांनी त्यातूनच घोट घ्यायचा. आमच्या चर्चमध्ये त्यात दारू नसते, काळ्या मनुका उकळून, कुस्करून गाळलेलं पाणी असतं. ते घरोघरच्या पाळीनं येतं. पाळकसाहेबांनी दगडूलाही पाळी दिली.

विचार करा, मंडळी. दगडूच्या हातचं. आणि प्यायचं! पहिल्या रांगेत कोण? मी.

दगडूलाही ते कळत होतं. तो उठून पुढं आला. म्हणाला, "आधी मी पेस. मंग तुम्ही प्या." पाळकसाहेब म्हणाले, "खाली बसा, दगडूभाऊ. इथं कुणी चाखून दाखवायचं नसतं." आणि प्याला माझ्या हातात दिला.

मी प्याले नाही. ओठाला न लावता पुढं दिला. त्याची मला आजही लाज वाटत नाही. दगडूची पाळी आली की दर वेळी मी तसाच पुढं दिला. तो खाली मान घालून बसायचा. एकदा माझ्या दारात आला होता, माफी मागायला. मी दार लावून घेतलं.

पाळकसाहेबांशीही मी भांडले. म्हटलं, इतक्या जणांना मारायचं, आणि डोक्यावर पाणी घेतलं की झालं? इतकं स्वस्त? ते म्हणाले, "स्वस्त नाही अक्का, फुकट आहे. पंगतीत आपण तोंड बघून वाढतो. देव तसं वाढत नाही." मी म्हटलं, मग देवानं मला तरी विचारायचं होतं! नवरा माझा गेलाय. त्यावर ते हळूच म्हणाले, "आणि शमुवेलच्या वेळी तुम्हाला विचारलं असतं तर?"

शमुवेल माझा नवरा. ज्या दिवशी मेला, त्याच सकाळी त्यानं मला मारलं होतं. माझ्या गळ्यातली पोत ओढली आणि ती घेऊन गेला दगडूच्या भट्टीवर. लोकांनी बाजेवर घालून परत आणला. प्रार्थना नाही, पश्चात्ताप नाही. तोंडाला वास. तसाच गेला तो देवापुढं. मंडळी, तसाच गेला.

आता तुम्हीच सांगा. तिथं तोंड बघून वाढत असते, तर माझ्या शमुवेलच्या पानात काय पडलं असतं? दगडूला दारातून हाकला म्हणावं, तर त्याच दारात माझा नवरा उभा आहे. दोन दारं नाहीत तिथं. एकच आहे. मला याचा संताप येतो. आजही येतो.

दगडूला मी माफ केलेलं नाही. शोकसभेत उभं राहून खोटं कशाला बोलू? काल त्याच्यावर मूठभर माती टाकताना माझी मूठ उघडेना. देवानं त्याला माफ केलंय म्हणतात. केलं असेल. मला न विचारता केलंय. शमुवेललाही केलं असेल, तर तेही मला न विचारताच. आणि त्याला केलेलं असावं, असं मला फार वाटतं हो. फार वाटतं.

येत्या रविवारी पाळी दगडूची होती. त्याच्या खोलीत फडक्यात बांधलेल्या मनुका सापडल्या. देठ काढून, पुसून ठेवलेल्या. कुणीतरी म्हणालं, टाकून द्या. मी त्या घरी आणल्यात. रविवारी मीच उकळीन, मीच गाळीन. मग प्याला पहिल्या रांगेत येईल. घोट घशाखाली उतरेल का, ठाऊक नाही. पण या वेळी तो ओठाला लावीन.

आता उठा, मंडळी. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. दगडूसाठी वेगळं आणि शमुवेलसाठी वेगळं उभं राहा, असं मी म्हणणार नाही. एकदाच उभे राहा.