चित्र सरळ आहे

हॅलो?… हॅलो?… हं, बोल मोळे, बोल पोरी. कधीची वाट बघतोय तुझ्या फोनची! तीन मिस्ड कॉल दिले, तीन.… मीटिंग? शनिवारी कसली मीटिंग? बंगळुरात शनिवारसुद्धा विकत घेतात का माणसांचा?… बरं, बरं.

नाही गं, तब्येत उत्तम आहे. आईचीही. ती आत केळी सोलतेय, संध्याकाळच्या भज्यांसाठी.… अगं, तब्येतीसाठी नाही फोन केला. टीव्हीच्या कॉम्प्युटरसाठी केला.

हसू नकोस. सहा वाजता वाचनालयाची चाळीस माणसं येऊन बसणार आहेत आपल्या हॉलमध्ये. नऊ वर्षांत माझा एक शनिवार चुकलेला नाही. पुराच्या वर्षीसुद्धा… हो, एकटा पौलोसच आला होता. पण सिनेमा झाला की नाही? झाला ना? मग!

काय होतंय म्हणजे… चित्र उड्या मारतंय. माणूस चालायला लागला की कमरेतून दुभंगतो. वरचा अर्धा पुढे निघून जातो, खालचा मागनं येतो. आज जपानी सिनेमा आहे, सगळी तलवारबाजी. अशी लढाई दाखवली तर कोण मेलं हेच कळायचं नाही कुणाला.

हो, लिनक्सच आहे. दुसरं काय असणार माझ्या घरात? तुझ्या अख्ख्या वर्गाला शाळेत लिनक्स शिकवलं मी, आणि तू मला विचारतेस, अपडेट केलं होतं का! केलं होतं. काल दुपारी केलं, पण उड्या त्याच्या आधीपासून आहेत.… मंगळवार. हो, मंगळवारपासून.

वायर? आहे ना, लावलेली आहे.… कुठल्या खाचेत म्हणजे? मागच्या.… थांब, गुडघ्यावर बसावं लागेल, तुझ्या आईला बोलावतो. तंकम! अगं तंकम, जरा टॉर्च धर इकडे.… हं. एक खाच वर आहे, एक खाली. वायर वरच्या खाचेत आहे.… खाली? खालची कुणाची?… कार्डाची.

…

हो. हो गं, कळलं. पुढचं बोलू नकोस. म्हणजे एवढं चांगलं ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून राहिलंय, आणि सगळं ओझं एकट्या प्रोसेसरच्या डोक्यावर.… तंकम, झाडताना तू वायर काढलीस का?… ती म्हणते, मंगळवारी तुम्हीच काढलीत.… काय म्हणतेस गं? उकिडवा बसून, शिव्या देत. हो, आठवलं. मीच.

काढली… खालच्यात घातली.… बंद करून परत चालू करतो. धर हं, फोन ठेवू नकोस.

… आलं. सिनेमा लावतो.… वा! वा मोळे! चालला बघ माणूस, अखंड चालला! कुठं अडखळत नाही. आता पौलोसची चोच बंद. तो टपूनच बसलाय. 'अच्युतन मास्तर, बाजारात तयार डबा मिळतो, बटण दाबलं की सुरू.' म्हटलं, बाबा, त्या डब्याच्या आत काय आहे हे तरी कळू देतात का तुला?

मंगळवारी कशाला काढली होती? ते सोड. ते वेगळंच.… अगं काही नाही, तो दुसरा दोष होता. तो मी केला दुरुस्त.… बाक. चित्राला बाक येत होता.

ऐक ना, सांगतो. विषूच्या सणानंतर तीन-चार दिवसांनी लक्षात आलं. खांब असो, दार असो, मध्यभागी आलं की आत वाकतं. माणसाचा चेहरा बरोबर मधोमध आला की पुसट होतो. कडेला सगळं स्वच्छ.… केलं की! तुम्हाला शिकवलं तेच केलं. तो कागद अजून आहे कॉम्प्युटरला चिकटवलेला: वायर, पडदा, कार्ड, प्रोग्रॅम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वायर नवी आणली. टीव्हीची सगळी सेटिंगं पुसली. जुनं कार्ड घालून बघितलं. प्रोग्रॅम काढून परत टाकला. बाक जसाच्या तसा!

मग हात टेकले? मी? अगं, एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. चित्र जिथं आत बुडतंय, तिथं तेवढंच बाहेर फुगवायचं. आठ दिवस लागले. जुळवत जुळवत गेलो आणि जवळजवळ सरळ केलं! थोडा बाक उरला होता, म्हणून या मंगळवारी परत वायर काढून बघितली, एवढंच. बहात्तराव्या वर्षी, सांग तुझ्या त्या मीटिंगवाल्यांना.

लोक काय म्हणाले? काही नाही. दोन शनिवार झाले, एका शब्दानं कुणी काही बोललं नाही. गप्प बसून बघत होते.… आता त्यांची वयं झाली गं. पौलोसनं त्या पहिल्या शनिवारनंतर जाऊन नवा चष्मा केला. कुमारन रोज डोळ्यात थेंब घालतोय. आणि तुझी आई! तुझी आई म्हणाली, नायिकेच्या गालाला गळू झालंय का?

… हॅलो? आहेस ना?

फोटो? कशाचा?… चौकटींचा? आहे ना, मी रेघांच्या चौकटीच लावून तपासत होतो. लावतो.… हं. मोबाइलनं टीव्हीचा फोटो काढला. पाठवला. मिळाला?

बघ, कसा सरळ!… काय?

मध्ये फुगलाय? पोटासारखा? अगं छे. तुझ्या फोनचा दोष असेल.… बरं, माझा प्रोग्रॅम बंद करतो. हा घे, केला. आता माझ्याकडे रेघा पार वाकल्या बघ, मधोमध खड्डा. काढला फोटो. गेला.

… सरळ? हा सरळ?

असं कसं होईल? जो मला सरळ तो तुला वाकडा, आणि जो वाकडा तो सरळ? तंकम! हात पूस आणि ये. ह्या रेघा बघ. वाकड्या आहेत की नाहीत?… नीट बघ.… ती म्हणते सरळ आहेत. म्हणते, आता कुठं गळू बरं झालं.

दोघी एकीकडे झालात म्हणजे… हो. मीच शिकवलंय. दोन साक्षी सरळ म्हणतात, एक वाकडं म्हणतो, तर आधी त्या एकाला तपासायचं.… म्हणजे मला?

उगाच काहीतरी. चष्मा जानेवारीतच केलाय.… बरं, झाकतो. उजवा झाकला. डाव्यानं बघतोय.… हं.

हं. सरळ आहेत.

सगळ्या सरळ आहेत गं. खालपासून वरपर्यंत.

आता डावा झाकतो.…

…

नाही, आहे मी. बोलतोय.… उजव्यानं बघितलं की मध्ये चौकटी नाहीतच. नुसता धूर. आणि धुराच्या कडेला रेघा वाकतात.… खिडकीचे गज? थांब.… तेही. दाराची चौकट पण. अगं, दाराला कुठली वायर असते!

तंकम, हल नकोस. उभी राहा अशीच.… काही नाही गं, बघतोय तुला.… मोळे, तुझ्या आईच्या कानातली कुडी दिसते. केस दिसतात. हातातला झारा दिसतो. चेहरा नाही दिसत.

रडू नकोस. तू रडलीस तर मी कुणाशी बोलू? डाव्यानं दिसतेय की ती. चांगली दिसतेय. पीठ लागलंय नाकाला.

… हो. हो, आठवतं. तुझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं. त्यांनी किती दिवस काढले?… तीन महिने. आणि मग डॉक्टरांना फारसं काही करता आलं नाही. मला… आज किती झाले? महिना होत आला. महिनाभर मी टीव्हीला औषध देत बसलो गं!

आज? आज कसं? आज शनिवार. उद्या… उद्या रविवार, बंद. सोमवारी बघू.… ओरडू नकोस, ऐकू येतं मला. कान ठीक आहेत.… अगं, तीन आठवडे बसून मल्याळम सबटायटलं टाइप केलीयत मी त्या सिनेमाची. पौलोसनं वाचायला नेली आणि अकरा चुका काढून आणल्या. अकरा! शाळेत कधी फळ्यावर एक चूक… हो. हो गं. त्या चुकाही डोळ्यामुळेच असतील. कळलं.

काय करतेयस तंकम? पिशवी कशाला काढलीस?… तुझ्या आईनं गॅस बंद केला. माझा शर्ट इस्त्रीला घेतला. भज्यांचं काय म्हटलं तर केळी शेजारी देऊन आली. मला कुणी काही विचारतच नाही.

किती वाजता गाडी?… एक दहाची. म्हणजे साडेतीनपर्यंत कोइंबतूर. डोळ्यांच्या दवाखान्यात पाचपर्यंत बघतात?… तू विचारलंस सुद्धा? कधी?… हे बोलता बोलता दुसऱ्या फोनवरून. बरी आहेस. तू कशाला येतेस पण? आई आहे बरोबर. डोळ्यात सुई घालतात म्हणे, तुझ्या सासूबाई सांगत होत्या, काही होत नाही म्हणे…

…

ये. ये तू. थोडी भीती वाटतेय मला.

… हं. नाही, ठीक आहे. पण एक सांगू का? माझ्या डोळ्यापेक्षा ते जास्त खातंय मला. चाळीस माणसं गं. दोन शनिवार वाकडं चित्र बघत बसली. तोंडावर म्हणाली नाहीत, मास्तर, हे काय दाखवताय. घरी जाऊन आपापले डोळे तपासले त्यांनी! पौलोसनं चष्मा केला मोळे. त्या भांडकुदळ पौलोसनं. माझ्यावर नाही संशय घेतला, स्वतःवर घेतला.

रद्द? नाही, रद्द नाही करायचं. नऊ वर्षं… थांब, विचार करू दे.

घराची किल्ली पौलोसकडे देतो.

हो, त्याच्याकडेच. मशीनला बोट लावू दिलं नव्हतं त्याला आजवर, माहीत आहे. लावू दे आज. सिनेमा तयार आहे, एक बटण दाबायचंय फक्त. हवा होता ना बटणवाला डबा, घे म्हणावं!

तंकम, इस्त्री राहू दे, कागद घे. कॉम्प्युटरवरच्या त्या वायर-पडद्याच्या कागदाखाली लावायचाय. लिही. 'पौलोस, आज सिनेमा तू दाखव. हिरवं बटण.'… लिहिलंस? 'सबटायटलांतल्या चुका तू सांगितल्यास तशा सुधारल्यात.'… मोळे, ऐकतेयस ना? फोन ठेवू नकोस, एवढं होऊ दे.… 'जुना चष्मा टाकला नसशील तर तोच लाव. तुझे डोळे चांगले आहेत.'

आणि खाली मोठ्या अक्षरात लिही. सगळ्यांना दिसेल असं.

'मशीन ठीक आहे. मी घातलेला बाक काढलाय. चित्र सरळ आहे. मी परत आल्यावर कितीही सांगितलं, तरी मला काही दुरुस्त करू देऊ नये.'

… सही? तूच कर माझी.

हं मोळे, चल. निघतो आम्ही. ठेवतो.