स्वतःच्या गरजेसाठी

...आणि वर मलाच विचारतात, "काका, कॉलर अशी मऊ का हो?" आता काय सांगू? अहो, निवृत्त होईपर्यंत ज्यानं स्वतःचा हातरुमाल कधी इस्त्री केला नाही, तो माणूस आज भर दुपारी हे तापलेलं धूड हातात धरून दुसऱ्यांच्या विजारींना घड्या घालतोय... कशासाठी? कायद्यासाठी! हसू नका. तुम्हाला सांगतो, मी माणूस वाईट नाही हो!

त्याचं असं झालं, आमच्या घराला रस्त्याच्या अंगानं एक गाळा आहे, वडिलांनी बांधलेला, आणि त्यात वडिलांच्याच वेळेपासून एक टेलरमास्तर भाड्यानं. भाडं वेळेवर, आवाज कधी चढवायचा नाही, आमच्या मुलांच्या विजारी आखूड झाल्या की न सांगता खालची शिलाई उसवून लांब करून द्यायचा. असा माणूस! आणि मला काय बुद्धी सुचावी? एक मोबाइलवाला आला, म्हणाला, "हा गाळा मला द्या, भाडं तुम्ही म्हणाल ते." तुम्ही म्हणाल ते!... हे ऐकल्यावर माणसाचं डोकं फिरतं की नाही? तुमचं नसतं फिरलं? राहू द्या, सांगू नका.

आमचा साडू वकील आहे. घशातून बोलतो. "हॅंऽ... असं कसं उठवाल? भाडं थकवलंय? नाही. मोडतोड केलीय? नाही. मग एकच रस्ता, जागा स्वतःच्या गरजेसाठी हवीय म्हणायचं. स्वतःचा व्यवसाय!" म्हटलं, "मला कुठला व्यवसाय?" "ते आपण बघू." बघू म्हणाला आणि बघायचंच विसरला हो गडी!

कोर्टात न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून बघितलं, "अर्जात नुसतं 'व्यवसाय' लिहिलंय. कसला व्यवसाय?" साडूकडे बघतोय, तर त्यानं कागदांत तोंड खुपसलेलं. समोर बाईंची ती पांढरी, कडक कॉलर... आणि तोंडातून गेलं, "इस्त्रीचा!" शपथेवर! घरी आल्यावर आमची ही म्हणाली, "त्यापेक्षा झोपायचा सांगायचा, अनुभव तरी होता."

पण खरी मजा पुढे. मजा कसली, शिक्षाच! मास्तरचा वकील बोलायला उठला, तर मास्तरनं त्याचा कोट ओढून त्याला खाली बसवलं, आणि स्वतः उभा राहिला. "बाई, मालकांना या वयात हातपाय हलवायचेत, हे मला ठाऊकच नव्हतं. माझी अडवणूक नको. मी जागा सोडतो." आणि बाहेर येऊन मलाच हात जोडले, "मालक, एका शब्दानं बोलला असता, तर ही पायरी कशाला चढावी लागली असती?" अहो, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं! मी माणूस वाईट नाही हो... पण त्या दिवशी घास उतरला नाही.

मास्तर गेला मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली. दिवसाढवळ्या दिवा लावून सुईत दोरा ओवतो. जाताना कापायचं मोठं टेबल मला ठेवून गेला, वर जाड कापड ताणून ठोकून. "इस्त्रीला बरं पडेल, मालक."

मी मोबाइलवाल्याला निरोप धाडला, तर साडू धावत आला. "हॅंऽ... वेड लागलंय? ज्या धंद्यासाठी जागा मिळवली तो मुदतीत सुरू केला नाही, किंवा जागा दुसऱ्याला दिली, तर मास्तर ती परत मागू शकतो, आणि शपथेवर खोटं बोललात ते वेगळंच निस्तरा! आणा इस्त्री!" आणली. म्हटलं, चार दिवस नाटक करू, गिऱ्हाईक कुठलं यायला बसलंय? तर ही रांग! कोण पाठवतंय? मास्तर! शिवलेला कपडा हातात देताना प्रत्येकाला सांगतो, "घडी आमच्या मालकांकडून घालून घ्या, हात फार हलका आहे." हलका! पहिल्याच दिवशी एका नवरदेवाच्या कोटाच्या पाठीवर इस्त्रीचं अख्खं नाक उमटवलं. मास्तर पळत आला, शोधून सापडणार नाही असं रफू करून दिलं, आणि वर माझीच समजूत घालतो, "होतं मालक, सुरुवातीला माझ्याही हातून व्हायचं." मेल्याहून मेल्यासारखं झालं! मी माणूस वाईट नाही हो, पण चांगला म्हणवून घ्यायची तर लाजच वाटायला लागली.

काल सहन होईना. गेलो जिन्याखाली. बिचारा कापड दिव्याशी धरून, डोळे बारीक करून टाके घालत होता. म्हटलं, "मास्तर, मी खोटं बोललो. मला कसला धंदा न् कसलं काय! मोबाइलवाल्याला गाळा द्यायचा होता, म्हणून तुम्हाला उठवलं. तुम्ही अर्ज करा, जागा परत मागा, मी कोर्टात सगळं कबूल करतो." भडाभडा ओकलो सगळं! मास्तरनं सुई खाली ठेवली. मग डोळे पुसले हो त्यानं! म्हणाला, "मालक, मी अंधारात बसलोय म्हणून तुमचा जीव तुटतो, कळतंय मला. पण तेवढ्यासाठी स्वतःला खोटारडं म्हणवून घेताय? छे, छे! तुमच्या पोटावर पाय देऊन मी उजेडात बसू?" अहो, खरं सांगतोय म्हटलं! आईशप्पथ! तर बायकोला हाक मारून म्हणतो, "बघितलंस? माझ्यासाठी शपथसुद्धा घेतात!"

आता करा काय करायचं ते! शपथ घेऊन खोटं बोललो, ते कोर्टानं मान्य केलं... शपथ घेऊन खरं बोललो, तर एक टेलर मानायला तयार नाही! उलट पाठीवरून हात फिरवला माझ्या. म्हणाला, "धंद्यात जम बसेना म्हणून असं खचू नका, मालक. पलीकडच्या शाळेत बोलून ठेवलंय मी. सगळे गणवेश उद्यापासून तुमच्याकडेच." आणि शाळा, तुम्हाला सांगतो, लहान नाही हो... दोन पाळ्यांत भरते!