दुसरी भिंत

टॅटूच्या दुकानात माझ्या शेजारी एक म्हातारा रंगारी बसला होता. गोंदणारी त्याचीच मुलगी, आणि तोच तिचं पहिलंवहिलं गिऱ्हाईक.

“बाबा, दंड एवढा लाल कशानं झाला?”

“तूच म्हणालीस ना, तयारी करून या? पॉलिशपेपरनं घासून आलोय.”

“अहो, कातडी आहे ती, भिंत नाही! पोटभर जेवून या, एवढंच म्हटलं होतं मी.”

“जेवलोय की.”

“सोललेल्या कातडीवर सुई नाही चालत. आता महिनाभर थांबा.”

“आणि तुझं पहिलं गिऱ्हाईक दुसरंच कोणी? एक भिंत ओली असली की रंगाऱ्यानं दुसरी धरायची.”

त्यानं दुसरी बाही वर सारली.

“आणि खाली तुझी सही कर, ठसठशीत. मला कुठल्या भिंतीवर करू दिली नाही कोणी.”