महिनाभर आधी कळवीन

सकाळीच केस काळे करून मोरीवाकी या घरदलालाकडे आलेल्या किनुएबाई नंबर येईपर्यंत पुढच्या आजींचं बोलणं कान देऊन ऐकत होत्या.

“मोरीवाकीसान, सहा चटया मावतील एवढी खोली, वीस हजार येन भाडं, वर्षभर रिकामी. मग अडलंय कुठे?”

“आजी, मालक सत्तरीपुढच्यांना देत नाहीत. एकट्या माणसाचं आत बरंवाईट झालं, की खोलीला पुन्हा गिऱ्हाईक मिळत नाही.”

“खोली सोडायच्या महिनाभर आधी कळवायचा नियम आहे ना? मरायच्या महिनाभर आधी कळवीन.”

“तसं नाही हो. निदान एखादा तरुण जामीनदार तरी आणा.”

“मालकांचं वय काय?”

“एक्याण्णव.”

“घरी कोण असतं?”

“कोणी नाही. एकटेच राहतात.”

“मग त्यांनाही एक तरुण जामीनदार आणायला सांगा. मी खोली सोडेन, तेव्हा किल्ली कुणाच्या हातात देऊ?”